नऊ पायांचा ऑक्टोपस

कोची,
११ जानेवारी २०२६

प्रिय ताई,

सा. न. वि. वि. एवढं लिहून पेन अडलं, कारण पुढे काय काय सांगू असं झालंय! नानांना माझा नमस्कार सांग. त्यांचा गुडघा कसा आहे? गरम पाण्याची पिशवी घेतात का, की ती आपली खिळ्यालाच लटकलेली?

फोनवर तू म्हणालीस, "तू नुसता हो-हो करतोस, तुझ्या बोलण्यातून काही लागत नाही, नीट लिहून पाठव." म्हणून लिहायला बसलोय. तसंही उद्या जहाज सुटलं की फोन बंद. जहाजावर नेट आहे, पण ते शास्त्रज्ञांच्या कामाचं. आम्हाला बंदर आल्याशिवाय रेंज नाही.

ताई, जहाज म्हणजे काय असतं हे मी तुला कसं सांगू! मारुतीच्या देवळापासून आपल्या मळ्याच्या बांधापर्यंत उभं केलं तर बसेल एवढं लांब. वर पांढरं, खाली निळं. मागच्या टोकाला जत्रेतल्या पाळण्याच्या खांबांसारखी लोखंडी कमान आहे. तिच्यावरून जाळी आणि एक कॅमेरेवाला रोबो खाली पाण्यात सोडतात. आम्ही जातोय ते समुद्राच्या तळावरचे डोंगर शोधायला. खरंच डोंगर! आपल्या अंजनेरीपेक्षा उंच, आणि तरी त्यांचे माथे पाण्याखालीच. त्यातल्या काहींवर आजपर्यंत माणसाची नजर पडलेली नाही. रात्री हे ऐकून मला झोप येईना. उठून डेकवर गेलो आणि नुसत्या काळ्या पाण्याकडे बघत बसलो.

सगळे मला 'पेंटर' म्हणूनच हाक मारतात. "ए पेंटर, इकडं ये!" काम भरपूर आहे. रंग विकत आणायची कटकट नाही, इथे डबेच्या डबे भरलेले. एवढे रुंद ब्रश मी कॉलेजात कधी हातात धरले नव्हते. मला काम देतात ते सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम. रत्नागिरीकडचे आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. पहिल्याच दिवशी म्हणाले, "रंग देण्याआधी खालचं जुनं सगळं निघालं पाहिजे. घाई करायची नाय." केवढा विचार आहे बघ त्यात!

काय चित्र काढलंस, असं तू विचारलंस. चित्राचं अजून तसं ठरलेलं नाही. आधी जहाजाची ओळख होऊ दे.

गोरक्षनं चौकातल्या फ्लेक्सचा फोटो पाठवला. 'जागतिक सागर मोहिमेचे चित्रकार' असं काय लिहिलंय त्यावर! आपल्या चुलतभावाला एवढं तरी सांग की तो काढून ठेव म्हणून. उन्हानं रंग उडतो, मग वाईट दिसतं.

तुझ्या नेमणुकीचं माझ्या लक्षात आहे. सुरगाण्याच्या आश्रमशाळेनं पाडव्यापर्यंत मुदत दिलीये ना? मी त्याच्या आत घरी. फूलबाजारातला गाळा मी बघेन, नानांचं ऑपरेशन मी बघेन, तू शाळेत हजर हो. शब्द देतो.

खूप खूप आनंदात असलेला,
तुझा ज्ञानेश


पोर्ट लुईस, मॉरिशस,
१९ फेब्रुवारी २०२६

प्रिय ताई,

आधी हातातला सुई-दोरा खाली ठेव. नानांनाही जवळ बसव. नाही, नको, आधी तू एकटी वाच.

दहा दिवसांपूर्वी काय झालं ते सांगतो. जहाज एका बुडालेल्या डोंगरावर थांबलं होतं. पहाटेपासून जाळं खाली गेलेलं, ते वर यायलाच तीन तास. मी मागच्या डेकवर, जिथून जाळं ओढतात त्या खोलीच्या भिंतीपाशी होतो. जाळं आलं, पाण्याच्या टाकीत रिकामं झालं. शास्त्रज्ञांची सगळी टोळी एका मोठ्या स्पंजाभोवती गोळा झाली. कॅमेरावाला साई बॅटरी बदलायला आत पळाला. आणि टाकीच्या माझ्याकडच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

ऑक्टोपस! माझ्या दोन ओंजळींत मावेल एवढा. ताई, त्याचा रंग! झेंडूची कळी उमलायच्या आदल्या दिवशी फोडली तर आत जो रंग दिसतो, ओला, अजून कुणाच्या नजरेस न पडलेला, तो. आणि त्याच्यावरून जांभळी लाट जायची, डोक्यापासून पायांच्या टोकापर्यंत, आणि परत यायची. मी बघत होतो आणि तो उडत चालला होता. प्रत्येक लाटेनंतर रंग थोडा कमी. मी ओरडलो, "मॅडम! साई!" पण मोटारीच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार?

माझ्यासमोर मीच सकाळी रंगवलेली पांढरी भिंत होती. पायाशी डबे होते, गंजावर देतात तो तांबडा, कठड्याचा पिवळा, निळा, पांढरा. मी झाकणावर रंग कालवले आणि भिंतीवर त्याला काढायला लागलो. माणसाएवढा मोठा. चार इंची ब्रशनं, मग बोटांनी, मग फडक्यानं. मान वळवायची, बघायचं, मारायचं. मला वाटतं मी श्वासही घेत नव्हतो. शेवटचा पाय काढून वळलो तर टाकीतला ऑक्टोपस शिजवलेल्या भातासारखा पांढरा झाला होता.

आता तुला प्रश्न पडला असेल, की चित्रकार मोहिमेवर आणि त्याच्याजवळ कागद नाही? डबे कसले? भिंत का रंगवत होता?

ताई, मी इथे तो चित्रकार नाहीये. मी जहाज रंगवतो. जाहिरातीत 'संशोधन जहाजासाठी पेंटर' एवढंच होतं. एजंटनं माझी चित्रं उघडूनसुद्धा पाहिली नाहीत, उंचीची भीती वाटते का एवढं विचारलं. कोचीला चाचांनी माझ्या हातात गंज खरवडायची हातोडी ठेवली तेव्हा उजेड पडला. तोवर फ्लेक्स लागला होता. नाना बाजारात सगळ्यांना सांगून मोकळे झाले होते. आणि खरं सांगू? हातात हातोडी का असेना, मला त्या जहाजावरून उतरायचं नव्हतं.

पुढे ऐक. कॅप्टन साहेब आले. भिंत बघितली आणि त्यांचा चेहराच माझ्या तांबड्या डब्यासारखा झाला. "हे जहाज आहे की बालवाडी?" चाचा माझ्या आणि त्यांच्या मध्ये येऊन उभे राहिले. तेवढ्यात मोहिमेच्या प्रमुख संध्या मॅडम आल्या. त्या टाकीपाशी गेल्या, भिंतीपाशी आल्या, परत टाकीपाशी गेल्या.

"हा रंग तू स्वतः बघितलास? की सुंदर दिसावा म्हणून घातलास?"

"बघितला, मॅडम."

"जांभळा कुठून कुठे जात होता?"

मी हातानं दाखवलं. त्यांनी भिंतीचे फोटो काढायला लावले, मला शेजारी उभं करून एकेक गोष्ट विचारली. मग भिंतीवर बोट फिरवत मोजायला लागल्या आणि थांबल्या.

"अरे, याला नऊ पाय आहेत."

मी मोजले. नऊ! उत्साहाच्या भरात एक जास्तीचा काढून बसलो होतो. मॅडम इतक्या हसल्या की त्यांना कठड्याला धरावं लागलं. कॅप्टन साहेबांच्या मिशाही हलल्या. मी मात्र शरमेनं अर्धा झालो. मॅडम म्हणाल्या, "रंगाला डोळा आहे तुझा. आता मोजायला शीक. संध्याकाळी काम संपलं की प्रयोगशाळेत ये."

त्या दिवसापासून रोज जातो. भिंगातून बघून काढायचं, मोजायचं, पुसायचं, परत काढायचं. आठ दिवसांत जे शिकलो ते चार वर्षांच्या डिप्लोमात शिकलो नव्हतो. काचेसारखी कोळंबी काढली, तिच्या पोटातलं जेवण बाहेरून दिसतं! एक मासा काढला, त्याच्या गालाखाली दिवा आहे!

पण भिंत पांढरी करायचा हुकूम होताच. दुसऱ्या दिवशी ती मीच केली. चाचा म्हणाले, "दुसऱ्याला देऊ का काम?" मी नको म्हणालो. वरून खाली ब्रश मारत गेलो. डोळे सगळ्यात शेवटी बुजवले.

इथे बाजारात सावित्रीबाई नावाच्या एक म्हाताऱ्या भेटल्या. फुलं विकतात, त्यांच्या पणज्याला कोकणातून इथे आणलेलं. मी झेंडूचा भाव मराठीत पुटपुटलो तर त्यांनी मानच वर केली. "तू आमचा काय रे?" असं विचारलं. मग बसवून घेतलं आणि दोन केळी खायला लावली. त्यांना नाशिक कुठे ते माहीत नव्हतं, पण गोदावरी माहीत होती.

माझा करार इथपर्यंतचाच आहे. दोन मार्चचं विमानाचं तिकीट ते देणार आहेत. जहाज पुढे दक्षिणेला जातंय, खाली, बर्फाच्या कडेपर्यंत. मे अखेरीस परत. मॅडम कॅप्टनशी बोलल्या. अर्धा दिवस चाचांच्या हाताखाली, अर्धा दिवस प्रयोगशाळेत, असं जमू शकतं म्हणे. तिकडचे प्राणी अजून कुणी जिवंत रंगात काढलेले नाहीत. मी अजून हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही. पाडवा १९ मार्चला आहे हे मला माहीत आहे.

तुला काय वाटतं, एवढं लिही. हे पत्र मॅडमच्या टीममधले एक सर उद्या विमानानं नेतायत, मुंबईहून कुरिअर करतील.

तुझा ज्ञानेश


मखमलाबाद, नाशिक,
२४ फेब्रुवारी २०२६

चि. ज्ञानेश यास ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. हे लिहून त्याचा फोटो तुला पाठवते, पोस्टानं गेलं तर जहाज निघून जायचं.

हातोडीचं मला पहिल्या पत्रातच कळलं होतं. चित्रकाराला डबेच्या डबे रंगाचं आणि रुंद ब्रशचं कौतुक कशाला असेल? पण तू एवढा हरखला होतास की मी म्हटलं, याचं यालाच सांगू दे.

नानांना तुझं पत्र मी पूर्ण वाचून दाखवलं. काही गाळलं नाही. फ्लेक्सचं ऐकून हसले. "पेंटर म्हंजी पेंटर. रंगच देतो ना? चोरी तर नाय करत," म्हणाले. नऊ पायांचं ऐकून परत हसले. पण भिंतीचं आलं तसं हसू थांबलं. मला म्हणाले, "त्यानं सोताच पांढरा मारला का गं? लय जड गेलं आसंल पोराला." भाव पडला की फुलांनी भरलेल्या झेंडूवर ते स्वतः रोटर मारून पीक मातीत मिसळतात ना, दुसऱ्या कुणाला ट्रॅक्टरवर बसू देत नाहीत. त्यांना तुझं बरोबर कळलं.

आता तू विचारलंयस त्याचं उत्तर. 'तुला काय वाटतं' असं विचारलंस. मी 'जा' म्हणावं म्हणूनच विचारलंस, हेही मला कळतं.

ज्ञानेश, परत ये.

मी दोनदा मुदत वाढवून घेतली. एकदा आई गेली तेव्हा, एकदा तुझ्या डिप्लोमासाठी. आता तिसरी मिळणार नाही. मी तेहेतीस वर्षांची आहे. सकाळी चारला बाजारात जाऊन बसते, दुपारी हार ओवते, आणि कपाटात माझं डी.एड.चं सर्टिफिकेट आहे. मला गाळ्यात बसायचा कंटाळा नाही, पण मला शिकवायचंय. हे मी कधी मोठ्यानं म्हटलं नाही, म्हणून तुम्हा दोघांना वाटतं की मला काही नकोच असतं. तर आता लिहून देते. मला पाहिजे.

बर्फ कुठे जात नाही असलं काही मी म्हणणार नाही. कदाचित जाईलही. तुझं नुकसान होणार हे मला दिसतंय आणि तरी मी बोलावतेय.

रागावलास तर रागाव. पण ये.

तुझी ताई,
छाया


नाशिक,
२५ ऑक्टोबर २०२६

प्रिय ताई,

सा. न. वि. वि. नाना मजेत आहेत. काठी सोडून बाजारभर फिरतात, डॉक्टरांनी सांगितलेल्यापेक्षा दुप्पट. दसऱ्याला तू चार दिवस हाताखाली आलीस म्हणून निभावलं, नाहीतर त्या गर्दीत मी आणि गोरक्ष फुलांखालीच गाडले गेलो असतो. अजून माझ्या नखांत झेंडूचा चिकटपणा आहे.

काल करार आला! गाळ्यातच, मोबाइलवर. मी मोठ्यानं वाचला, शेजारच्या गाळेवाल्यांनी ऐकला, त्यांनी पुढच्यांना सांगितला. कामाच्या नावापुढे चक्क 'मोहिमेचा चित्रकार' लिहिलंय. मी तीनदा वाचलं आणि मॅडमना फोन करून विचारलं, "मॅडम, हे जहाज रंगवायचं नाही ना?" त्या म्हणाल्या, "चाचांना तू लागलास तर ते घेतीलच. पण पगार माझ्याकडून." सोळा नोव्हेंबरला कोचीहून सुटायचं, खाली दक्षिणेला, बर्फापर्यंत! ज्या वाटेनं जहाज माझ्याशिवाय गेलं होतं त्याच वाटेनं. आपला तो ऑक्टोपस नवीन जातीचा आहे की नाही हे अजून ठरायचंय, तपासणी चालू आहे. पण त्याचं चित्र मी सुधारून दिलं, आठ पायांचं. चार जणांकडून मोजून घेतले.

दसऱ्याला हार ओवताना मी तुला विचारलं, जाऊ का? तू सुईवरची नजर न काढता म्हणालीस, "जा. आता माझं चालू झालंय, तुझं होऊ दे." गाळा गोरक्ष आणि नाना भागीत चालवणार. सगळं ठरलं. तरीही एक गोष्ट तुला सांगायची राहिली होती. तोंडावर जमलं नाही.

मार्चमध्ये पोर्ट लुईसच्या धक्क्यावर मी पिशवी घेऊन उभा होतो. जहाज सुटलं. चाचा मागच्या डेकवरून हात करत होते. जहाज बंदराच्या तोंडाशी लहान होईपर्यंत मी उभा राहिलो, आणि ताई, मला तुझा राग आला. साधा नाही. विमानात बसलो तेव्हा होता, घरी आलो तेव्हा होता. तू पिशवी भरत होतीस, सुरगाण्याची जीप धरायची म्हणून घाईत होतीस, डबा कुठे, मीठ कुठे सांगत होतीस, आणि मी हं-हं करत होतो. नानांच्या ऑपरेशनच्या वेळी तू दिवसातून तीनदा फोन करायचीस. मी मुद्दाम तोडकं बोलायचो. तुला वाटलं असेल मी दमलोय. मी दमलो नव्हतो.

मग जुलैत तुझ्याकडे आलो. नाना म्हणाले, "तिच्याकडं तांदूळ बरा मिळतो, घिऊन ये," म्हणून. भात लावणी चालू होती, जीप चिखलात अडकली, शेवटचा घाट मी चालत चढलो. शाळेच्या व्हरांड्यात पोचलो तर आतून आवाज येत होता. मी दारात थांबलो. एक बाई चिमण्या मुलींना नदी शिकवत होत्या, कुठे उगम पावते, कशी वाकते, कुणाकुणाला पाणी देते. मुली मध्येच कोकणीत, म्हणजे तिकडच्या कोकणा आदिवासींच्या बोलीत, काहीतरी विचारायच्या आणि त्या बाई हसून त्यांच्याच बोलीत उत्तर द्यायच्या. तो आवाज तुझा आहे हे मला लगेच ओळखू आलं नाही. खरंच सांगतो. तेहेतीस वर्षांत घरात तू असा आवाज कधी काढला नाहीस. भरलेला, खेळता. वर्गात फिरत होतीस तर वाटत होतं, तुझी उंची दोन बोटं वाढलीये.

मी बराच वेळ आत आलो नाही. तुला वाटलं जीप उशिरा पोचली. राग तिथेच, त्या व्हरांड्यात गेला. परतीच्या वाटेवर तो शोधला तरी सापडेना. एवढंच सांगायचं होतं.

आता खरी बातमी. नाना माझ्याबरोबर कोचीला येतायत!

काल करार त्यांनीही ऐकला होता. संध्याकाळी गोण्या झटकताना एकदम म्हणाले, "समुद्र म्हंजी तरी केवढा आसतो रे?" पासष्ट वर्षांचा माणूस. त्र्यंबकचं कुशावर्त पाहिलं, गंगापूर धरण पाहिलं, मुंबईच्या फूलबाजारात रात्रीच्या टेम्पोनं माल घेऊन शंभरदा गेले, पण दादरहूनच मागे फिरले. समुद्र तिथून एवढ्याशा अंतरावर, आणि बघितलेला नाही! मी म्हणालो, "चला मग." म्हणाले, "गुडघा?" मी म्हणालो, "नवाच बसवलाय की." आज सकाळी नवं धोतर काढून बघितलंय. मला कळू नये म्हणून लगेच ठेवून दिलं.

तुझ्या शाळेला तेव्हा दिवाळीची सुट्टी असेल. ताई, तूही चल. तीन तिकिटं काढतो. मला कोचीत पोचल्या पोचल्या जहाजावर हजर व्हायचंय, तपासणी, सामान, सगळं असतं. त्यामुळे नानांना किनाऱ्यावर मला नेता येणार नाही. तू ने. सकाळच्या वेळी ने, ऊन चढायच्या आत.

ते पहिल्यांदा समुद्र बघतील तेव्हा मी तिथे नसणार, याचंच मला सगळ्यात जास्त वाईट वाटतंय. म्हणून तू बघ. समुद्राकडे नको बघूस, त्यांच्याकडे बघ. टोपी काढतात का, पाण्यात पाय घालतात का, हात कमरेवर ठेवतात की मागे, काही बोलतात की नुसतेच उभे राहतात. रंग तू तुझ्या शब्दांत सांग, मी समजून घेईन. सगळं लिहून पाठव. मी खाली बर्फात बसून ते चित्र काढेन.

तुझ्या डोळ्यांवर भरवसा ठेवून निघालेला,
तुझा ज्ञानेश